सरकारी दवाखान्यातल्या अस्वच्छतेची तक्रार: काय बघायचं, कोणाला लिहायचं आणि कोणत्या क्रमाने

"दवाखान्यात प्रचंड घाण आहे, कृपया लक्ष द्यावे." अशा एका ओळीच्या तक्रारी रोज जातात आणि रोज निकाली निघतात. उत्तर ठरलेलं असतं: "सदर ठिकाणी नियमित स्वच्छता करण्यात येते." फाइल बंद. मग तक्रारदार चिडून व्हिडिओ टाकतो, तो दोन दिवस फिरतो आणि तिसऱ्या दिवशी संडास पुन्हा तुंबलेलाच.

या तक्रारी फसतात कारण 'घाण' या एका शब्दाखाली पाणी, माणसं, साहित्य, कचरा, कपडे आणि इमारत अशा पाच-सहा निरनिराळ्या गोष्टी बिघडलेल्या असतात. त्या प्रत्येकीचा सरकारातला धनी वेगळा असतो. नेमकं काय बिघडलंय आणि ते कोणाचं काम आहे, हे कागदावर आलं नाही तर उत्तर द्यायची वेळ कोणावरच येत नाही.

खालच्या पायऱ्या महाराष्ट्रातल्या शासकीय, जिल्हा परिषदेच्या आणि महापालिकेच्या दवाखान्यांसाठी आहेत. क्रम बदलू नका. माहिती अधिकार आणि समाजमाध्यमं ही दोन्ही हत्यारं लोक पहिल्याच दिवशी उपसतात आणि बहुतेक प्रकरणं तिथेच वाया जातात.

## पायरी १: दवाखाना कोणाचा, ते आधी शोधा

पाटीवर 'शासकीय' लिहिलेलं असलं तरी सगळे दवाखाने एकाच खात्याचे नसतात. चुकीच्या खात्याला गेलेला अर्ज पुढे पाठवला जातो, तिथून तो आणखी पुढे जातो आणि तुमचा महिना असाच संपतो.

- उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र: जिल्हा परिषद. केंद्राचे वैद्यकीय अधिकारी, त्यांच्यावर तालुका आरोग्य अधिकारी, त्यांच्यावर जिल्हा आरोग्य अधिकारी.
- ग्रामीण रुग्णालय आणि उपजिल्हा रुग्णालय: सार्वजनिक आरोग्य विभाग. रुग्णालयाचे वैद्यकीय अधीक्षक, त्यांच्यावर जिल्हा शल्यचिकित्सक, म्हणजे लोकांच्या भाषेत सिव्हिल सर्जन. त्यांच्यावर परिमंडळाचे आरोग्य उपसंचालक.
- जिल्हा रुग्णालय (सिव्हिल): थेट जिल्हा शल्यचिकित्सक.
- शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय: वैद्यकीय शिक्षण विभाग. प्रमुख अधिष्ठाता, म्हणजे डीन. सिव्हिल सर्जनचा इथे संबंध नाही.
- महापालिकेचं रुग्णालय: महापालिकेचा आरोग्य विभाग आणि शेवटी आयुक्त. मुंबईतली केईएम, सायन, नायर ही महापालिकेची, तर जे. जे. राज्य शासनाचं.

सगळ्यात जास्त घोळ जिल्हा रुग्णालय आणि वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय या दोन प्रकारांत होतो. बऱ्याच जिल्ह्यांत जुनं सिव्हिल आता वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलं गेलंय. इमारत तीच, लोकांच्या तोंडी नावही 'सिव्हिल'च, पण कारभार डीनच्या हाती.

तपासून घ्या: केसपेपरच्या वरच्या ओळी वाचा. खात्याचं किंवा महाविद्यालयाचं नाव तिथे छापलेलं असतं. शंका राहिली तर आवक-जावक टेबलावर विचारा, "इथले कार्यालयप्रमुख कोण आणि त्यांचे वरिष्ठ कोण?" हे सांगण्यात कोणालाही अडचण नसते.

## पायरी २: नुसती घाण बघू नका, संसर्ग कुठून होईल ते बघा

जाळी-जळमटं आणि भिंतीवरच्या गुटख्याच्या पिचकाऱ्या फोटोत भयंकर दिसतात. त्या असू नयेतच. पण रुग्णाला जंतुसंसर्ग होतो तो मुख्यतः हातांमधून, सुया-नळ्यांमधून, ओल्या जागांमधून आणि एका रुग्णाकडून दुसऱ्याच्या वापरात आलेल्या कपड्या-भांड्यांमधून. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालाप्रमाणे अल्प आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत दाखल होणाऱ्या दर १०० रुग्णांमागे साधारण १५ जणांना रुग्णालयातच किमान एक नवा संसर्ग होतो. म्हणून बघण्याचा क्रम असा ठेवा.

हात धुण्याची जागा. हे सगळ्यात आधी. वॉर्डात, लेबर रूममध्ये, ड्रेसिंग रूममध्ये बेसिन आहे का, नळाला आत्ता पाणी येतंय का, साबण आहे का? साबणाची वडी पाण्यात पडून लगदा झाली असेल तर तीही नोंदवा. खाटांजवळ किंवा ट्रॉलीवर हातावर चोळायच्या सॅनिटायझरची बाटली आहे का आणि ती रिकामी तर नाही ना? सॅनिटायझर आहे म्हणून पाणी नसलं तरी चालतं, हे उत्तर स्वीकारू नका. हात दिसायला मळलेले असतील किंवा जुलाबाचा रुग्ण हाताळला असेल तर साबण-पाणीच लागतं.

संडास. दार, कडी, दिवा, पाणी, तुंबणं या पाच गोष्टी वेगवेगळ्या लिहा. महिलांचा संडास कोणत्याही महिला रुग्णाला विचारून नोंदवा. बाळंतपणाच्या वॉर्डातला संडास बंद असेल तर ती नोंद सगळ्यात वर घ्या. ओली बाळंतीण जिने उतरून दुसऱ्या मजल्यावर जाते, असं चित्र अनेक ठिकाणी आहे आणि तक्रारीत त्याचा उल्लेखही नसतो.

फरशी पुसण्याची पद्धत. फिनेलचा वास आला म्हणजे स्वच्छता झाली असं आपण मानतो. वासावर जाऊ नका, बादल्या मोजा. रुग्णालयासाठी सांगितलेली पद्धत तीन बादल्यांची आहे: एकीत साबणाचं पाणी, दुसरीत साधं पाणी, तिसरीत जंतुनाशक. आधी मळ निघाला पाहिजे, कारण रक्त-घाण तशीच असेल तर हायपोक्लोराइटसारखं जंतुनाशक तिथेच खर्ची पडतं. एकाच बादलीतलं काळं पाणी वॉर्डभर फिरत असेल तर ती सफाई जंतूंना या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात पोचवते. रुग्ण असलेल्या जागेत कोरडा झाडू मारणंही चुकीचं, धूळ उडून जखमांवर बसते. संडासाचा मॉप वॉर्डात वापरला जातोय का, हे आवर्जून बघा.

कचऱ्याच्या पिशव्या. जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ मध्ये रंग ठरलेले आहेत. पिवळ्यात रक्ताचा कापूस, बँडेज, बाळंतपणातली वार यांसारख्या गोष्टी. लाल पिशवीत सलाइनच्या नळ्या, प्लास्टिकच्या बाटल्या, हातमोजे. पांढऱ्या, न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात सुया आणि पाती. निळ्यात काचेच्या बाटल्या, अँप्युल म्हणजे इंजेक्शनच्या काचेच्या कुप्या. खरकटं आणि केळीची सालं यातल्या कशातच नाही, त्यांचा डबा वेगळा. (पिवळ्या पिशवीत वडापावचा कागद टाकणारे बहुतेक वेळा नातेवाईकच असतात, हेही खरं.) साठवलेला कचरा ४८ तासांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. म्हणून मागच्या बाजूची कचऱ्याची खोली बघा: कुलूप आहे का, कुत्री-डुकरं शिरतात का, पिशव्यांवर बारकोड आहे का?

चादरी आणि खाटा. आधीचा रुग्ण गेल्यावर गादी पुसून चादर बदलली का? रक्ताने, लघवीने भिजलेली चादर किती वेळ तशीच होती? एका खाटेवर दोन रुग्ण असतील तर ती नोंद स्वच्छतेच्याच तक्रारीत घ्या. गर्दी हे संसर्गाचं थेट कारण आहे.

उंदीर, मांजरं, कुत्री. जून २०२१ मध्ये घाटकोपरच्या राजावाडी रुग्णालयात अतिदक्षता विभागातल्या रुग्णाला डोळ्याजवळ उंदराने कुरतडलं होतं. नवजात बाळांच्या कक्षाजवळ, स्वयंपाकघरात, छताच्या फटींत लेंड्या दिसल्या तर नोंदवा.

> थांबा: ऑपरेशन थिएटर, लेबर रूम, नवजात शिशु अतिदक्षता कक्ष, आयसीयू यांत तपासणीच्या नावाखाली घुसू नका. तुमच्या चपला आणि तुमचे हात हाच तिथला धोका असतो. तिथली माहिती कागदपत्रांतून मिळते, ती पायरी ७ मध्ये.

> सुई टोचली तर: वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा, जखम दाबू-चोखू नका आणि तक्रारीचा विचार बाजूला ठेवून लगेच अपघात विभागात जा. एचआयव्ही टाळण्याची औषधं शक्य तितक्या लवकर, जास्तीत जास्त ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. ही घटना नोंदवहीत लिहून घ्यायला सांगा.

## पायरी ३: नोंद अशी करा की नाकारता येणार नाही

एका भेटीवर तक्रार लिहू नका. सकाळी साहेबांच्या राउंडआधी वॉर्ड चकचकीत असतो, रात्री दहाला तोच वॉर्ड ओळखू येत नाही. किमान दोन वेगवेगळ्या दिवशी आणि दोन वेगवेगळ्या पाळ्यांत बघा. एक रात्रीची असलीच पाहिजे.

प्रत्येक नोंदीत चार गोष्टी हव्यात: तारीख, वेळ, जागा आणि वस्तू. "वॉर्ड घाण" ही नोंद नव्हे. "महिला वॉर्ड, पहिला मजला, उजवीकडचा संडास, रात्री ९.४०, नळाला पाणी नाही, भांडं तुंबलेलं" ही नोंद. विशेषणं गाळा. 'नरकयातना', 'उकिरडा' असे शब्द वर्तमानपत्राला शोभतात. अधिकाऱ्याला ते सोयीचे असतात, कारण त्यांना नेमकं उत्तर द्यावं लागत नाही.

फोटो काढताना रुग्णाचा चेहरा, अंग, केसपेपर काहीही येऊ देऊ नका. वस्तूचा एक जवळून आणि जागा ओळखू येईल असा एक लांबून, असे दोन फोटो पुरतात. कर्मचाऱ्यांचे चेहरेही टाळा. ज्या मावशींचा फोटो तुम्ही टाकता त्या बहुतेक वेळा कंत्राटी असतात. नोकरी त्यांची जाते, कंत्राट तसंच राहतं.

तपासून घ्या: तुमच्या नोंदी अनोळखी माणसाला वाचायला द्या. त्याला ती जागा न विचारता सापडेल का? नाही सापडली तर पुन्हा लिहा.

## पायरी ४: वॉर्डात तोंडी सांगा, पण योग्य माणसाला

या पायरीला फाटा देऊन लोक थेट मंत्रालयात ईमेल करतात. सांडलेलं रक्त, संपलेला साबण, भरून वाहणारा सुयांचा डबा या गोष्टी तासाभरात सुटू शकतात आणि त्या सोडवण्याचा अधिकार वॉर्डाच्या इनचार्ज सिस्टरकडे असतो. सफाई करणाऱ्या मामा-मावशींना ओरडून उपयोग नाही. रात्रपाळीला दोन मजल्यांवर एकच माणूस असेल तर ते तुमच्या बाजूचेच साक्षीदार आहेत. त्यांना विचारा, "साहित्य मिळतं का? पगार वेळेवर होतो का? हातमोजे, गमबूट आहेत का?" खरं कारण तिथे कळतं.

सिस्टरांशी बोलून झाल्यावर वेळ लिहून ठेवा. किती वाजता सांगितलं, काय उत्तर आलं, कधी साफ झालं.

ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालय रुग्णालयात ४८ तासांत ३१ रुग्ण दगावल्यावर हिंगोलीच्या तेव्हाच्या खासदारांनी प्रभारी अधिष्ठात्यांच्या हातात ब्रश देऊन संडास साफ करायला लावला. व्हिडिओ देशभर फिरला, खासदारांवर गुन्हा दाखल झाला आणि चर्चा त्या दोघांभोवती अडकली. सफाईची पदं किती रिकामी होती आणि ती कोण भरणार होतं, हे प्रश्न बाजूला पडले. एका माणसाच्या हातात झाडू देऊन फोटो निघतो, जबाबदारी ठरत नाही.

> थांबा: आवाज चढवणं, अंगावर जाणं, सामान फेकणं यातलं काहीही करू नका. वैद्यकीय सेवेतल्या व्यक्तींवरच्या हिंसेविरुद्धचा महाराष्ट्राचा २०१० चा कायदा आहे. त्यात गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. एकदा गुन्हा दाखल झाला की तुमची तक्रार कोणी वाचत नाही.

## पायरी ५: प्रत्येक बिघाडासमोर त्याचा धनी लिहा

कागदाच्या डावीकडे तुमच्या नोंदी, उजवीकडे ते काम कोणाचं ते. ढोबळ विभागणी अशी:

- तुंबलेली ड्रेनेज लाइन, गळकं छत, फुटलेली भांडी, पाण्याची टाकी: शासकीय इमारतीत बहुधा सार्वजनिक बांधकाम विभाग, जिल्हा परिषदेच्या इमारतीत तिचा बांधकाम विभाग.
- माणसं कमी येणं, रात्री कोणी नसणं: सफाईचा कंत्राटदार, आणि त्याच्या बिलावर सही करणारा अधिकारी.
- साबण, हायपोक्लोराइट, मॉप, पिशव्या नसणं: रुग्णालयाचं भांडार. किरकोळ खरेदी रुग्ण कल्याण समितीच्या, म्हणजे रुग्णालयाच्या कारभारासाठी नेमलेल्या समितीच्या, निधीतून होऊ शकते.
- साठलेला जैववैद्यकीय कचरा: तो नेणारी सामायिक प्रक्रिया केंद्राची (अनेक दवाखान्यांच्या कचऱ्यावर एकत्र प्रक्रिया करणाऱ्या केंद्राची) गाडी, आणि रुग्णालयप्रमुख.
- रुग्णालयाच्या फाटकाबाहेरचा उकिरडा: नगरपालिका, महापालिका किंवा ग्रामपंचायत.

इथे लोक एक गोष्ट चुकतात. धनी दुसरा असला तरी तक्रार रुग्णालयप्रमुखांच्याच नावे करायची. बांधकाम विभागाला पत्र देणं, कंत्राटदाराला नोटीस देणं, भांडारातून मागणी करणं हे सगळं त्यांचं काम आहे. आपण बांधकाम विभागात गेलो तर "रुग्णालयाकडून मागणीच आली नाही" असं ऐकून परत येतो. कचऱ्याच्या बाबतीत तर २०१६ च्या नियमांनी संस्थेचा ताबा असलेल्या प्रमुखावरच जबाबदारी टाकली आहे. काम बाहेर दिलं म्हणून ती जात नाही.

## पायरी ६: लेखी तक्रार

एक पान. त्याहून मोठी तक्रार पूर्ण वाचली जात नाही. नमुना:

> प्रति,
> मा. वैद्यकीय अधीक्षक,
> ग्रामीण रुग्णालय, ______
>
> विषय: महिला वॉर्डातील पाणी, संडास व जैववैद्यकीय कचऱ्याबाबत.
>
> महोदय/महोदया,
> दि. __ रोजी सकाळी __ व दि. __ रोजी रात्री __ वाजता खालील बाबी आढळल्या.
> १. पहिला मजला, महिला वॉर्ड, उजवीकडील संडास: नळाला पाणी नाही, भांडे तुंबलेले.
> २. त्याच वॉर्डातील हात धुण्याचे बेसिन: साबण नाही.
> ३. मागील कचरा खोली: कुलूप नाही, पिवळ्या पिशव्या फाटलेल्या, कुत्र्यांचा वावर.
> दि. __ रोजी __ वाजता वॉर्डातील प्रभारी परिसेविकांना तोंडी कळवले होते.
> विनंती: (अ) बाब २ वर तत्काळ, बाब ३ वर ४८ तासांत व बाब १ वर ७ दिवसांत कार्यवाही व्हावी. (आ) बाब १ साठी बांधकाम विभागाला पत्र दिले असल्यास त्याचा जावक क्रमांक व दिनांक कळवावा. (इ) हा विषय रुग्ण कल्याण समितीच्या पुढील सभेत ठेवावा.
> सोबत: छायाचित्रे __.
> प्रत माहितीसाठी: मा. जिल्हा शल्यचिकित्सक, ______
>
> नाव, पत्ता, सही

यातली (आ) मागणी सगळ्यात कामाची. "कार्यवाही करत आहोत" हे उत्तर देणं सोपं, जावक क्रमांक देणं कठीण. क्रमांक आला तर पुढची तक्रार कोणाकडे न्यायची ते कळलं. नाही आला तर पत्र गेलंच नव्हतं, हे कळलं.

अर्ज दोन प्रतींत न्या. आवक टेबलावर एक प्रत द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. साहेबांच्या हातात थेट दिलेला अर्ज आदराने घेतला जातो आणि टेबलाच्या खणात जातो, त्याला क्रमांक नसतो. पोच द्यायला टाळाटाळ झाली तर वाद घालू नका, पोस्टातून पोचपावतीसह स्पीड पोस्टने पाठवा.

एकट्याच्या सहीपेक्षा वॉर्डातल्या पाच-सात नातेवाइकांच्या सह्या असलेला अर्ज बरा. मात्र ज्यांचा रुग्ण अजून आत आहे त्यांच्यावर सहीची जबरदस्ती नको. त्यांची भीती खोटी नसते.

### अशी उत्तरं आली तर

"निधी नाही." सार्वजनिक आरोग्य, स्वच्छता आणि रुग्णालयं हे राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्य सूचीतले विषय आहेत. लोकांचं आरोग्य सुधारणं हे अनुच्छेद ४७ प्रमाणे शासनाच्या प्राथमिक कर्तव्यांपैकी आहे. पश्चिम बंगालच्या खेतमजूर समितीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये स्पष्ट केलं, की पैशाच्या अडचणीचं कारण सांगून शासनाला वैद्यकीय सेवेच्या घटनात्मक जबाबदारीतून सुटता येत नाही. तो खटला तातडीच्या उपचारांबद्दल होता, तरी युक्तिवाद इथेही लागू पडतो. व्यवहारात मात्र कायदा ऐकवण्यापेक्षा एवढंच विचारा: "निधीची मागणी कधी, किती रकमेची आणि कोणाकडे केली?"

"कंत्राट संपलंय, नवीन निविदा प्रक्रियेत आहे." मधल्या काळात काम कोण करतंय आणि कोणत्या आदेशाने, हे लेखी मागा.

"रुग्णच घाण करतात." काही प्रमाणात करतात. पण नळाला पाणी नसणं आणि सुयांचा डबा भरून वाहणं हे रुग्ण करत नाहीत. आपली यादी अशा बाबींवर ठेवली तर या उत्तराला जागाच उरत नाही.

"आम्हाला कायाकल्प पुरस्कार मिळालाय." मिळाला असेल. केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने १५ मे २०१५ ला ही योजना सुरू केली. स्वच्छता, कचरा, संसर्ग नियंत्रण वगैरे निकषांवर गुण दिले जातात आणि ७० टक्क्यांचा उंबरठा आहे. भिंतीवरच्या प्रमाणपत्राचं वर्ष वाचा. मग या वर्षीच्या अंतर्गत मूल्यमापनात किती गुण आहेत आणि कुठे कमी पडलेत, ते विचारा. तीच तुमची पुढची यादी.

## पायरी ७: पाठपुरावा, आणि मग माहिती अधिकार

सात दिवसांनी आवक क्रमांक घेऊन जा. पंधरा दिवसांत हालचाल नसेल तर तोच अर्ज, पहिल्या पोचीची प्रत जोडून, वरिष्ठांकडे आणि 'आपले सरकार' या तक्रार निवारण संकेतस्थळावर टाका. तिथे २१ दिवसांत निवारण अपेक्षित आहे. विभाग निवडताना पायरी १ आठवा. सिव्हिलची तक्रार वैद्यकीय शिक्षण विभागाखाली टाकली तर ती "आमच्याशी संबंधित नाही" म्हणून बंद होते. जिल्हाधिकारी कार्यालयातला लोकशाही दिन, महिन्याचा पहिला सोमवार, हाही चांगला मार्ग. त्यासाठी अर्ज विहित नमुन्यात आणि आगाऊ द्यावा लागतो.

एवढं झाल्यावर माहिती अधिकार. लोक इथे हटकून चुकतात: "स्वच्छता का केली जात नाही?", "दोषींवर कारवाई करणार का?" असे प्रश्न विचारतात. जन माहिती अधिकाऱ्याने 'का'चं उत्तर देणं बंधनकारक नाही. उपलब्ध कागद देणं बंधनकारक आहे. म्हणून कागद मागा:

- सफाई सेवेचा चालू करारनामा आणि कार्यादेश, दंडाच्या अटींसह.
- गेल्या तीन महिन्यांचे सफाई कामगारांचे हजेरीपट, पाळीनुसार.
- त्याच तीन महिन्यांची मंजूर बिलं आणि केलेली कपात.

हे तीन कागद शेजारी ठेवले की बरंच काही बोलतात. करारात वीस माणसं, हजेरीत चौदा आणि बिल पूर्ण वीसचं, असं निघालं तर तुमची तक्रार आता स्वच्छतेची राहिली नाही, सरकारी पैशाची झाली. ती वेगळ्या जोराने पुढे जाते.

महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि शब्दमर्यादा १५० आहे. म्हणून सफाईच्या कराराचा एक अर्ज करा. हायपोक्लोराइट-साबणाच्या साठा नोंदवहीचा दुसरा. ऑपरेशन थिएटर व लेबर रूमचे स्वच्छता तक्ते आणि संसर्ग नियंत्रण समितीच्या सभांचं इतिवृत्त यांचा तिसरा. शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना माफ. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. दुसरं अपील ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे, पण तिथे रांग फार मोठी आहे. पहिल्या अपिलाच्या सुनावणीलाच नीट तयारीने जा.

जैववैद्यकीय कचऱ्याचा वार्षिक अहवाल मात्र मागायची गरज पडू नये. रुग्णालयाने तो दरवर्षी ३० जूनपर्यंत प्रदूषण नियंत्रण मंडळाला द्यायचा असतो आणि संकेतस्थळावरही ठेवायचा असतो. नसेल तर तीच एक स्वतंत्र तक्रार.

## पायरी ८: वरची दारं, कधी ठोठवायची

कचऱ्याचा विषय महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक किंवा उपप्रादेशिक कार्यालयाकडे न्या. रुग्णालय सरकारी असलं तरी मंडळ नोटीस काढू शकतं. नियमांप्रमाणे जिल्हा पातळीवर देखरेख समितीही असते. तिला प्रत द्या.

राज्य मानवी हक्क आयोग: अस्वच्छतेमुळे प्रत्यक्ष इजा किंवा मृत्यू झाला असेल तेव्हा. घटनेपासून एका वर्षाच्या आत जावं लागतं.

ग्राहक आयोग: सगळ्यांनाच मोफत सेवा देणाऱ्या सरकारी रुग्णालयाविरुद्ध तिथे दाद मिळत नाही, हे १९९५ पासून ठरलेलं आहे. पैसे भरून घेतलेल्या सेवेचं गणित वेगळं, त्यासाठी वकिलांचा सल्ला घ्या.

सेवा हक्क कायदा, २०१५: अनेक जण याचा आधार घेतात. तो अधिसूचित सेवांना, म्हणजे दाखले-परवान्यांसारख्या गोष्टींना लागू आहे. वॉर्डाची सफाई त्यात बसत नाही.

उच्च न्यायालय: जनहित याचिकेचा पाया म्हणजे तुमच्या पोचीच्या प्रती, तारखा आणि माहिती अधिकारातले कागद. ते नसतील तर न्यायालय पहिल्यांदा हेच विचारेल, की संबंधित अधिकाऱ्याकडे गेला होतात का?

समाजमाध्यमांवर टाकायचं असेल तर आता टाका. आवक क्रमांक आणि तारखांसह टाकलेल्या पोस्टवर "आम्हाला माहीतच नव्हतं" असं कोणाला म्हणता येत नाही.

## पायरी ९: काम झालं का, ते स्वतः जाऊन बघा

संकेतस्थळावर 'निकाली' दिसलं म्हणजे काम झालं असं नाही. तक्रारीतल्या प्रत्येक क्रमांकाच्या जागी पुन्हा जा, त्याच पाळीत. संडासाचं भांडं बदललं पण पाणी नाही, साबण आला पण तो सिस्टरांच्या कपाटात, असं हमखास दिसतं. जे झालं ते "पूर्ण" आणि जे राहिलं ते "प्रलंबित" असं लिहून त्याच आवक क्रमांकाच्या संदर्भाने एक छोटं पत्र द्या. काम झालेलं असेल तर तेही लिहा, इनचार्ज सिस्टरांच्या कामाचा उल्लेख करून. पुढच्या वेळी तुमचा अर्ज टेबलावरच उघडला जातो.

> थांबा: काम रेंगाळलं म्हणून स्वतः अ‍ॅसिड आणून संडास धुवायला जाऊ नका. तिथे आधी ब्लीचिंग किंवा हायपोक्लोराइट टाकलेलं असेल तर दोन्ही मिळून क्लोरिन वायू तयार होतो. बंद संडासात तो जीवघेणा ठरू शकतो.

महिनाभराने रात्रीच्या पाळीला पुन्हा एक फेरी मारा. आधी बेसिनचा नळ सोडून बघा, मग सुयांचा डबा. नव्या नोंदी निघाल्या तर नवा अर्ज करा, जुन्यात भर घालू नका. जुन्या अर्जाची मुदत त्याच्या पहिल्या तारखेपासूनच मोजली गेली पाहिजे.